हुडी घालून हुडहुडी: रंकाळ्यावरच्या एका धावकाचं प्रकरण

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या काठावर १४ अंश, वारा जवळजवळ नाही, पाण्यावर धुक्याचा पातळ पापुद्रा. कोल्हापूरच्या मानाने ही चांगली थंडी. उत्तरेकडच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल, पण त्याच काठावर माकडटोपी, मफलर आणि दोन-दोन स्वेटर घालून चालणारी माणसं रांगेने दिसतात. आपलं प्रकरण या गर्दीतल्या एका धावकाचं आहे.

वय ४५, वजन ७२ किलो, नोकरी बसून करायची, राहायला मंगळवार पेठेत. विशीत चार-पाच वर्षं तालमीत घालवलेली. गेली तीन वर्षं आठवड्यातून चार दिवस रंकाळ्याभोवती १० किलोमीटर धावतो, साधारण ६५ मिनिटांत. रक्तदाब, साखर ठीक. तक्रार अशी: धावताना चौथ्या किलोमीटरपासून मरणाचं उकडतं आणि धावून झाल्यावर अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. शिवाय मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडी सोलवटते, बनियनवर छातीच्या जागी रक्ताचे दोन ठिपके पडतात आणि सकाळभर कोरडा खोकला येतो. यावर त्याने स्वतःच काढलेला उपाय म्हणजे अजून एक कपडा वाढवणं. नोव्हेंबरात टी-शर्टावर हुडी आली, डिसेंबरात हुडीवर जर्किन आलं. हुडहुडी कमी न होता वाढली.

त्या दिवशीच्या अंगावरच्या कपड्यांचा हिशोब पाहा. सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट, त्यावर आतून लव असलेली जाड हुडी, सगळ्यांत वर नायलॉनचं जर्किन, गळ्यापर्यंत चेन लावलेलं. खाली सुती ट्रॅकपँट. डोक्याला लोकरीची माकडटोपी. हातात काहीच नाही. थोडक्यात, जिथे कपडा कमी हवा तिथे चार थर आणि जिथे थोडा हवा तिथे उघडं.

धावायला निघण्याआधी आणि परत आल्या आल्या प्रत्येक कपडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजला. हा प्रयोग कुणीही घरी करावा, डोळे उघडतात. बनियन १३० ग्रॅमचं २१५ झालं, टी-शर्ट १९० चा ३००, हुडी ५२० ची ६१०, जर्किन २४० चं २६५, ट्रॅकपँट ३८० ची ४१०. एकूण १४६० ग्रॅमचे कपडे १८०० ग्रॅमचे झाले. म्हणजे ३४० ग्रॅम घाम माणूस अंगावर घेऊन उभा होता. जर्किन उलटं केलं तर आतल्या बाजूला दव पडल्यासारखे थेंब दिसत होते. बाहेरून ते कोरडं ठणठणीत.

आता हे ३४० ग्रॅम काय करतात ते बघू. धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पाय हलवण्याच्या कामी येतो, बाकी सगळी उष्णता. किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी हा ढोबळ हिशोब धरला, तर ७२ किलोचा हा गडी तासाला साडेसहाशेच्या घरात खर्च करतो आणि त्यातल्या पाचशे उष्णता म्हणून बाहेर पडायला बघतात. खुर्चीत नुसतं बसलं तर हाच आकडा तासाला ७०-८०. चौदा अंशांत धावणारा माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडीच, तिला गोधडीत गुंडाळायची गरज नाही.

एक ग्रॅम घाम पूर्ण वाळायला अंदाजे ०.५८ किलोकॅलरी लागते. धावताना घाम वाळला तर ती उष्णता शरीर आनंदाने देतं, कारण ती जास्तच आहे. पण हुडी-जर्किनच्या आत घाम वाळत नाही, साठतो. धावणं थांबलं की शेगडी विझते आणि साठवलेला घाम तेव्हा वाळायला लागतो. ३४० ग्रॅम वाळवायला जवळपास २०० किलोकॅलरी हव्यात. थोडी हवेतून येते, बाकीची अंगातून. उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात ती आणायची कुठून? म्हणून शरीर स्नायू हलवून उष्णता बनवायला लागतं आणि त्यालाच आपण हुडहुडी म्हणतो. त्यात भर म्हणजे पाणी कोरड्या हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे पाठीला चिकटलेलं ओलं बनियन उघड्या अंगापेक्षा वाईट.

नेमकं कुठे कुडकुडतो, हे विचारल्यावर खरी गोम बाहेर आली. तळ्यावर नाही. धावून झाल्यावर मित्रांबरोबर वीस मिनिटं कट्ट्यावर गप्पा, मग मोटारसायकलवरून गंगावेशीत ताजं म्हशीचं दूध प्यायला. दात वाजायचे ते दुधाचा ग्लास हातात घेताना. दहा अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला तर कोरड्या चेहऱ्यालाही ६ अंशांसारखं वाटतं, हे वाऱ्याच्या गारठ्याचं नेहमीचं गणित. (ते दहा अंश आणि त्याखालीच लागू पडतं, त्यामुळे चौदाला आकडा काढत बसू नये.) पण ओल्या कपड्यांना असं कुठलं गणित दयामाया दाखवत नाही. गाडीवर पाच मिनिटं म्हणजे साठलेला घाम पंख्याखाली वाळत घालणं, आणि तोही अंगावर ठेवून.

घाम काढायचा म्हणजे काय

एवढे कपडे घालायची दोन कारणं होती आणि दोन्ही अस्सल इथली.

पहिलं तालमीतलं. वजनी गटात बसायचं असलं की पैलवान स्वेटरवर स्वेटर चढवून, कधी प्लॅस्टिक गुंडाळून पळतो आणि दोन-तीन किलो उतरवतो. कोल्हापुरात हे इतक्यांनी पाहिलेलं आहे की “घाम निघाला तेवढी चरबी गेली” हा समज अंगात मुरलेला. उतरतं ते पाणी. लोटाभर पाणी प्यायलं, जेवण झालं की काटा होता तिथे. कुस्तीच्या आदल्या दिवशी त्या युक्तीला निदान एक हेतू असतो, तोही धोका पत्करून. पंचेचाळिशीतल्या माणसाने आठवड्यातून चार वेळा तेच करण्याला काहीच हेतू नाही. उलट रक्तातलं पाणी कमी होतं, कातडीकडे रक्त जास्त वळवावं लागतं, तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात आणि माणसाला वाटतं आपला दम कमी झाला.

दुसरं कारण घरातलं. बायको त्याच वेळी त्याच तळ्याभोवती चालते. “अहो, मला स्वेटर घालूनही थंडी वाजतेय, तुम्ही बरे नुसत्या टी-शर्टावर निघाला!” तिचं तिच्यापुरतं अगदी बरोबर. ताशी पाच किलोमीटरने चालणाऱ्याच्या शरीरात जेवढी उष्णता तयार होते, तिच्या दोन ते अडीच पट ताशी नऊ किलोमीटरने धावणाऱ्याच्या शरीरात होते. एकाच घरातून, एकाच पहाटे निघालेल्या दोघांचे कपडे वेगळे असले पाहिजेत. तिचा स्वेटर तिला लागतो, त्याला तोच नडतो.

ठोकताळा असा: बाहेर जेवढे अंश असतील त्यात आठ-दहा मिळवायचे आणि त्या हवेत फिरायला जाताना जे घालू तेच धावायला घालायचं. चौदा असेल तर बावीस-चोवीस समजा. आणि पहिला दीड किलोमीटर थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातून निघताना उबदार वाटलं तर कपडे जास्त झाले.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साडेपाचला निघालो म्हणजे पुढे ऊब वाढेल, असं आपण धरून चालतो. पण रात्रभर जमीन थंड होत असते आणि दिवसाचं सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमाराला येतं. जानेवारीच्या सुरुवातीला कोल्हापुरात सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे साडेपाच ते साडेसहाच्या धावण्यात हवा गरम होत नाही, उलट एखादा अंश गारच होते. जो साडेसातला निघतो त्याचं उलट: पहिल्या फेरीत लागणारी बाही दुसऱ्या फेरीत नकोशी होते.

बदल, आणि पहिल्याच दिवशी झालेली फजिती

पहिल्या दिवशी अति उत्साहात सगळंच उतरवलं. अर्ध्या बाह्यांचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट, अर्धी चड्डी, बस्स. तळ्यावर मित्रांनी “काय मर्दा, थंडी पळाली काय तुझी?” म्हणून टिंगल केली ते सोडा, पण मंगळवार पेठेतून तळ्यापर्यंत गाडीवर येतानाच बोटं बधिर झाली आणि पोटऱ्या आखडल्या. तसाच धावला, दुसऱ्या किलोमीटरला उजवी पोटरी ओढल्यासारखी झाली, चालत परत. चूक कपडे कमी करण्यात नव्हती. गाडीवरचे कपडे आणि धावण्याचे कपडे एकच धरले, ही चूक.

मग असं बसवलं. जुनी हुडी आणि जर्किन दोन्ही परत आली, पण गाडीवर घालायला. तळ्यावर पोचल्यावर सहा-सात मिनिटं हुडीतच झपझप चालणं, पाय पुढे-मागे झुलवणं, जागच्या जागी गुडघे उचलणं. कपाळ किंचित उबदार झालं की हुडी काढून डिकीत. घाम फुटेपर्यंत थांबायचं नाही, घाम फुटला म्हणजे उशीर झाला.

धावताना अंगावर: १२० ग्रॅमचा अर्ध्या बाह्यांचा पॉलिएस्टर टी-शर्ट, हातांना वेगळ्या बाह्या, पातळ विणलेले हातमोजे, गळ्यात बफ (गळ्याभोवती घालायची, नाकापर्यंत ओढता येणारी पातळ कापडी नळी), खाली चड्डी. वेगळ्या बाह्या ही या सगळ्यातली आमची आवडती वस्तू. पन्नास ग्रॅमची जोडी, तिसऱ्या किलोमीटरला मनगटापर्यंत खाली सरकवता येते, वारा सुटला की परत वर. पूर्ण बाह्यांचा शर्ट असा अर्धा काढता येत नाही.

हातमोजे का, असं बरेच जण विचारतात. थंडी लागली की शरीर सर्वांत आधी बोटांकडचं रक्त आवरतं, धड सांभाळायला. म्हणून धड घामाघूम आणि बोटं गार, हे एकाच वेळी होऊ शकतं. माकडटोपी मात्र गेली. अर्ध्याहून जास्त उष्णता डोक्यातून जाते, हा समज घरोघरी आहे, पण डोक्याचं क्षेत्रफळ अंगाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं आणि उष्णताही तशाच प्रमाणात जाते. चेहऱ्याला थंडी जास्त जाणवते एवढं खरं. माकडटोपीचा तोंडासमोरचा भाग श्वासाने ओला होतो आणि मग गार फडकं तोंडाला बांधल्यासारखं होतं. चौदा अंशांत कान झाकणारी पातळ पट्टी पुरते.

सोलवटण्याचं काम पाच मिनिटांत सुटलं. ओली सुती शिवण आणि मीठ मिळून कातडीला कानशीसारखं घासतात. आतून घट्ट बसणारी, शिवण बाहेर असलेली चड्डी, मांड्यांच्या आत आणि काखेत व्हॅसलिन, छातीवर मायक्रोपोरच्या, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या कागदी चिकटपट्टीच्या, दोन छोट्या पट्ट्या. पट्टी कोरड्या कातडीवर लावायची, व्हॅसलिन लावण्याआधी. उलट क्रमाने केलं तर पट्टी पहिल्या किलोमीटरला सुटते.

पायमोज्यांबद्दल एकच सांगतो. थंडी आहे म्हणून दोन जोड मोजे घालून बूट आवळू नयेत. आवळलेल्या पावलात रक्त कमी जातं आणि पाऊल आणखी गार पडतं. एकच जोड, सुती नको.

सूत, लोकर आणि दुकानातली फुंकर

इचलकरंजी तासाभरावर असलेल्या गावात सुताला नावं ठेवणं जिवावर येतं. उन्हाळ्यात सुतासारखं कापड नाही. पण सुती धागा पाणी आत शोषतो आणि सोडायला तयार नसतो. उन्हाळ्यात ओला सदरा गारवा देतो म्हणून तो हवासा वाटतो, हिवाळ्यात नेमका तोच गुण नडतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी आत घेत नाही. कापडातल्या बारीक फटींमधून घाम बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून वाळतो. बदललेल्या कपड्यांत धावून आल्यावर टी-शर्ट आणि चड्डी मिळून वजन ६० ग्रॅमच्या आत वाढलं. आधीचे ३४० आठवा.

लोकरीचं न्यारं आहे. धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेतो तरी हाताला ओला लागत नाही आणि ऊब पूर्ण सोडत नाही. पट्टणकोडोलीच्या बाजूला मेंढरांमागे हिंडणारा धनगर पावसात घोंगडं सोडत नाही, ते उगाच नाही. घोंगड्याची लोकर अंगाला टोचते, धावायला चालणार नाही. धावण्यासाठी मिळते ती मेरिनो मेंढीची बारीक लोकर, आणि तिची किंमत ऐकून आणखी एक घाम फुटतो. कोल्हापूरच्या थंडीला तिची गरज नाही.

कापड निवडायला मोठ्या नावाची गरज नाही. राजारामपुरीतल्या साध्या खेळाच्या दुकानात चार-पाचशे रुपयांत काम होतं, फक्त तीन गोष्टी तपासून घ्या. आतल्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा. अर्धं सूत असलेलं मिश्रण नको. कापडाच्या आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका: तो मोत्यासारखा उभा राहिला तर घामही तसाच अंगावर राहणार, पटकन पसरला तर चांगलं. आणि कापड तोंडाला लावून फुंकर मारा. टी-शर्टातून फुंकर सहज पलीकडे गेली पाहिजे. विंडचिटरमधून थोडी अडून गेली पाहिजे. अजिबातच गेली नाही तर तो कपडा गाडीवर उत्तम, धावायला बाद. आपल्या धावकाचं जर्किन या तिसऱ्या जातीतलं होतं.

धुताना कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घालायचं नाही. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरणं थांबतं. गार पाणी, थोडा साबण, उलटा करून सावलीत वाळवणं. पॉलिएस्टरला वास धरतो ही खरी अडचण आहे. धावून आल्यावर पिशवीत कोंबून संध्याकाळपर्यंत ठेवला तर पुढच्या आठवड्यात शेजारी धावणारा अंतर ठेवतो.

थांबल्यानंतरची पाच मिनिटं

सगळ्यांत जास्त फरक पडला तो इथे. शेवटचे चारशे-पाचशे मीटर चालत, थेट गाडीकडे. गप्पा नंतर. टी-शर्ट काढायचा, पंचाने छाती, पाठ, मान कोरडी करायची. आता कोरडं सुती बनियन चालतं, कारण आता घाम यायचा नाही. त्यावर हुडी, डोक्याला कोरडी टोपी, वर जर्किन. जर्किनमधून हवा जात नाही हा धावतानाचा दोष गाडीवर गुण होतो. ओली चड्डी घरी गेल्यावर बदलली तरी चालते, धड आणि डोकं आधी.

बायकांना काठावर असं उघड्यावर बदलता येत नाही आणि त्यांचा सर्वांत ओला राहणारा कपडा म्हणजे आतली स्पोर्ट्स ब्रा. त्यांच्यासाठी व्यवहार्य मार्ग दोनच: मोठा ढगळा जॅकेट वर घालून आतल्या आत शर्ट बदलणं, किंवा गप्पांना फाटा देऊन सरळ घर गाठणं. तळ्यावर कपडे बदलायला एक नीट खोली असती तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

तीन आठवड्यांत हुडहुडी गेली. मनगटातल्या घड्याळाप्रमाणे त्याच ६५ मिनिटांच्या धावण्यात सरासरी ठोके १५८ वरून १४९ वर आले. एका माणसाचं, एका घड्याळाचं मोजमाप आहे, आणि थंडीत मनगटावरचं घड्याळ चुकतंही, त्यामुळे त्यावर फार इमारत उभारू नये. खोकला मात्र गेला नाही. कपड्यांशी त्याचा संबंधच नव्हता. फेरीचा काही भाग वाहनांच्या रस्त्याकडेने जायचा, आणि थंड पहाटे धूर-धूळ वर न उठता जमिनीलगत बसते. उशिरा निघून आणि तो टप्पा टाळून खोकला निम्म्यावर आला, बफ नाकावर ओढल्याने अजून थोडा. धावताना छातीत दाब, शिट्टीसारखा श्वास किंवा हातात कळ असेल तर कपड्यांचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, चाळिशीपुढच्याने हे हसण्यावारी नेऊ नये.

पन्हाळ्याचा चढ

रविवारी लांब पल्ला असतो. वाघबिळापासून पन्हाळ्यावर चढून परत, हा कोल्हापूरच्या धावकांचा लाडका रस्ता. पन्हाळा शहरापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच, म्हणजे दोन-अडीच अंश गार असणार, असं पुस्तकी गणित. पहाटे ते अनेकदा उलटं निघतं. निरभ्र, शांत रात्री गार हवा जड होऊन खोलगटात उतरते, पंचगंगेच्या काठाला धुकं आणि गारठा, वर गडावर पारा तेवढाच किंवा थोडा जास्त. पण वर वारा असतो, आणि तो खाली दिसत नाही.

आपला धावक इथे नव्याने फसला. चढताना वेग कमी, मेहनत दुप्पट, वारा लागत नाही. घामाने टी-शर्ट ओला. वर दहा मिनिटं थांबून दरीकडे बघत बसला. उतारावर वेग वाढला, मेहनत घटली, समोरून वारा. पुन्हा तीच हुडहुडी, फक्त गाडीऐवजी घाट. उपाय: शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, फुंकर थोडी जाणारा विंडचिटर कमरेला बांधून न्यायचा. चढताना बाह्या खाली, टी-शर्टाची चेन उघडी. माथ्याच्या दोनशे मीटर आधी वेग कमी करून अंग थोडं निवू द्यायचं, विंडचिटर उतार सुरू व्हायच्या आधी घालायचा, गार वाटल्यावर नाही. वर थांबायचंच असेल तर आधी घालून मग थांबायचं.

या रस्त्यावर कपड्यांचा अजून एक उपयोग आहे, आणि तो उबेपेक्षा मोठा. हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि चालक रात्रभर जागा असतो. काळी हुडी घालून रस्त्याच्या कडेने धावणारा माणूस त्याला दिसणार नाही. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाळीदार जाकीट फार तर शंभर ग्रॅमचं असतं, सगळ्यांत वर घालायचं, विंडचिटरच्या आत नाही. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने धावायचं.

शिमल्याची पाच दिवसांची परीक्षा

जानेवारीअखेर कुटुंबासह शिमल्याला जायचं ठरलं. उंची सुमारे २२०० मीटर, सकाळी १ अंश. इथे कोल्हापूरचा एक थर पुरत नाही आणि थरांचं शास्त्र खऱ्या अर्थाने लागतं. अंगालगत घाम बाहेर काढणारा घट्ट पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टर. त्यावर हवा धरून ठेवणारा पातळ फ्लीस, म्हणजे लव असलेल्या मऊ कृत्रिम कापडाचा सदरा. ऊब कापडात नसते, त्याने अडवलेल्या हवेत असते, म्हणून घट्ट फ्लीस निकामी. वारा असेल तरच तिसरा, विंडचिटर. पायांना पूर्ण लांबीची टाइट, म्हणजे पायाला घट्ट बसणारी ताणली जाणारी पँट. कान झाकणारी टोपी. हाताला बोटं वेगळी नसलेले मोजे, कारण चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात.

पाच ते दहा अंशांत फ्लीस गाळायचा, टाइट ठेवायची. शून्याच्या खाली गेलं की तिन्ही थर आणि चेहऱ्यावर बफ. शून्य अंशात ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे ५ जाणवतं, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर धावायचं आणि येताना वारा पाठीवर घ्यायचा. उलटं केलं तर घामेजलेल्या अंगाने वाऱ्यासमोर परतावं लागतं. कातडी गोठण्याची भीती वाऱ्यासकट उणे २७ च्या आसपास खरी सुरू होते. तो विषय लडाखच्या हिवाळ्याचा. फौजेत असलेला घरातला कुणी ना कुणी कोल्हापुरात सापडतोच, त्याच्याकडून ते ऐकावं.

पहिल्या सकाळी धावकाने जुन्या सवयीने तिन्ही थर चढवले. रिजवरून मॉल रोडने छोटा शिमल्याकडे जाताना दोन किलोमीटरला विंडचिटर काढावा लागला, वारा नव्हताच. उंचीमुळे तेवढ्याच वेगाला दम लागत होता, म्हणून पहिले दोन दिवस वेग किलोमीटरमागे मिनिटभर कमी ठेवला. सावलीतल्या वळणांवर रात्रीचं पाणी गोठून पातळ, काळसर काचेसारखं बर्फ होतं. तिथे कुठलाच कपडा कामाचा नाही. पावलं छोटी करून चालायचं. तहान लागत नाही म्हणून पाणी न पिणं ही तिथली नेहमीची चूक. निघण्याआधी कोमट पाण्याचा एक पेला आणि आल्यावर दोन.

परत आल्यावर फ्लीस आणि टाइट ट्रंकेत गेली. फेब्रुवारीत रंकाळ्यावर पहाटे १६-१७ अंश, वेगळ्या बाह्याही दुसऱ्या आठवड्यापासून सुटल्या. डिकीत आता कायम एक पिशवी असते: पंचा, सुती बनियन, हुडी, टोपी. गंगावेशीत दुधाचा ग्लास घेताना बायकोने एकदा त्याच्या पाठीवर हात फिरवून पाहिला. कोरडी होती. “बरं झालं,” ती म्हणाली, “आता ते जर्किन तरी धुवायला टाका, तीन महिने झाले.”